इंजिन मागेल ते अवजार

मुंबईच्या नागदेवी स्ट्रीटवर किंवा पुण्याच्या बोहरी आळीत अवजारांच्या दुकानासमोर उभे राहिले की आधी नजर जाते ती चकचकीत पेट्यांवर. शंभराहून जास्त नग, प्रत्येकाला पेटीत आपापली खाच, वर क्रोमची झळाळी. घरी मोटरसायकलचे इंजिन बांधायचे मनावर घेतलेला माणूस बहुतेक वेळा हीच पेटी घेऊन घरी येतो. रविवारी इंजिन खोलायला घेतो आणि दुपारपर्यंत त्याच्या लक्षात येते की पेटीतल्या निम्म्याहून जास्त गोट्यांना, म्हणजे सॉकेटना, इथे कामच नाही. ज्या तीन-चार वस्तूंवाचून हात अडला आहे, त्या मात्र पेटीत नाहीत. मॅग्नेट काढायचा पुलर नाही, क्लचच्या बाजूचा खाचांचा नट सोडवायला काही नाही, आणि सिलिंडर झिजला आहे की नाही हे सांगणारे तर काहीच नाही.

इंजिन खोलायला पाने पुरतात; ते बांधायचे म्हटले की मोजमाप लागते. अवजारांच्या खरेदीत नेमकी हीच बाजू लंगडी राहते. पैसे मोजकेच असतील, आणि ते बहुतेकांचे मोजकेच असतात, तर पान्यांचे नग कमी करून तो पैसा मोजमापाच्या साधनांत घालावा.

उदाहरणाला महाराष्ट्रातल्या कुठल्याही गावात सापडेल असे इंजिन घेऊ. हिरो होंडाची सीडी १०० ही १९८५ साली आली आणि स्प्लेंडर १९९४ साली. दोन्हींत ९७.२ सीसीचे, एका सिलिंडरचे, जवळजवळ आडवे झोपलेले इंजिन. बोअर ५० मिमी आणि स्ट्रोक ४९.५ मिमी. एकटा माणूस ते उचलून टेबलावर ठेवू शकतो, सुटे भाग तालुक्याच्या गावी मिळतात आणि त्याची रचना इतकी सरळ आहे की शिकायला याहून चांगले इंजिन मिळणे कठीण.

या इंजिनाला पाने किती लागतात? ८, १०, १२, १४ आणि १७ एवढ्या पाच मापांत बहुतेक सगळे नट-बोल्ट येतात. यामागे जपानी मानकाचा हात आहे. ८ मिमी जाडीच्या बोल्टचे डोके युरोपीय पद्धतीत १३चे असते, जपानी पद्धतीत १२चे. १० मिमीच्या बोल्टला तिकडे १७चे, इकडे १४चे. म्हणून होंडा, यामाहा, सुझुकी या घराण्यांच्या गाड्यांवर १३चा पाना क्वचितच लागतो आणि युरोपीय गाड्यांवर तोच सारखा हातात येतो. आपली गाडी कुठल्या घराण्यातली हे कळले की पान्यांची अर्धी यादी तिथेच गळून पडते.

या पाच मापांचे रिंग पाने चांगल्या प्रतीचे घ्यावेत. गोट्या सहा कोनीच घ्याव्यात, बारा कोनी नकोत. सहा कोनी गोटी नटाच्या सपाट बाजूंवर जोर देते, तर बारा कोनी गोटी कोपऱ्यांजवळ. गंजलेल्या किंवा आधीच कुणीतरी चुकीच्या पान्याने खाल्लेल्या नटावर या फरकाचा लगेच प्रत्यय येतो, कारण नट एकदा गोल झाला की पुढचे काम छिन्नीवर जाते. गोट्यांचा चौकोन तीन अष्टमांश इंची असावा. अर्धा इंची गोट्या ट्रक-मोटारींच्या कामाच्या, इंजिनाच्या अडचणीत त्या शिरत नाहीत. मॅग्नेटच्या आणि क्लचच्या नटापुरते एखादे अर्धा इंची हँडल असले म्हणजे झाले. ८ आणि १० मापाचे टी-पाने मात्र अवश्य घ्यावेत. गॅरेजमध्ये काम करणारा मुलगा रॅचेटकडे न बघता टी-पानाच उचलतो, आणि त्याचे बरोबर असते. टी-पान्याचे हात आखूड असल्याने बारीक बोल्टवर नको तेवढा जोर पडत नाही, आणि बोल्ट सरळ आट्यात चालला आहे की तिरका, हे बोटांना पहिल्याच फेऱ्यात कळते.

चांगले पाने परदेशीच असावे लागतात हा समज सोडून द्यायला हवा. नाशिकच्या सातपूरमध्ये टपारिया टूल्सचा कारखाना आहे. १९६०च्या दशकात स्वीडनच्या तांत्रिक सहकार्याने हातअवजारे बनवायला सुरुवात केलेली ही कंपनी. तिचे पाने आणि पक्कडी महाराष्ट्रातल्या बहुतेक गॅरेजांत दिसतात. घरच्या कामाला ही प्रत पुरून उरते. स्क्रू पाना, म्हणजे जबडा मागे-पुढे होणारा पाना, मात्र इंजिनाच्या टेबलावर येऊच देऊ नये. नळाच्या कामाला तो उत्तम, पण ॲल्युमिनियमच्या केसवरच्या बोल्टचे कोपरे त्याच्याइतक्या खात्रीने दुसरे कोणतेच अवजार खात नाही.

जुन्या बुलेटची गोष्ट निराळी. मद्रासला १९५५ पासून जोडल्या जाऊ लागलेल्या ३५० सीसी बुलेटचे बिडाच्या ब्लॉकचे इंजिन, बोअर ७० आणि स्ट्रोक ९० मिमी, हे इंग्लंडहून आपले आटेही घेऊन आले. जोसेफ व्हिटवर्थ यांनी १८४१ साली आट्यांची जी प्रमाण पद्धत सुचवली तिच्यात आट्याचा कोन ५५ अंशांचा. आजच्या मेट्रिक पद्धतीत तो ६० अंशांचा. शिवाय व्हिटवर्थ पान्यावरचा आकडा हा बोल्टच्या जाडीचा असतो, डोक्याच्या रुंदीचा नव्हे. पाव इंची व्हिटवर्थ पान्याचा जबडा प्रत्यक्षात १३.३ मिमी उघडा असतो. अशा नटावर मेट्रिक १३ जात नाही, १४ जातो पण ढिला बसतो, आणि तो ढिला पाना जोर लावला की घसरतो. जुनी बुलेट बांधणाऱ्याने म्हणून आधी व्हिटवर्थ पान्यांचा लहानसा संच मिळवावा, मग इंजिनाला हात लावावा. त्या इंजिनांवर चुकून मारलेले मेट्रिक आटेही भरपूर आढळतात, तेव्हा आट्याचा गेज, म्हणजे दातेरी पात्यांचा तो छोटा पंखा, सोबत असलेला बरा.

स्क्रू ड्रायव्हरच्या बाबतीतही अशीच एक गफलत होते. जुन्या जपानी इंजिनांच्या कव्हरांवर अधिकचिन्हाच्या खाचेचे स्क्रू असतात. दिसायला ते नेहमीच्या फिलिप्स स्क्रूसारखे, पण त्यांची खाच जपानी मानकाप्रमाणे थोडी वेगळी घडवलेली असते. अशा पुष्कळ स्क्रूंच्या डोक्यावर एक बारीक ठिपका असतो. फिलिप्सचे टोक त्यात पूर्ण खोल बसत नाही. जोर लावला की ते वर उचलले जाते आणि जाताना खाच खरवडून जाते. सीडी १०० घराण्यातल्या इंजिनात क्लचच्या बाजूचे कव्हर काढले की तेल गाळणारा गोल फिरता फिल्टर दिसतो. त्याच्या झाकणावर असेच स्क्रू असतात, वर्षानुवर्षे गरम तेलात राहून घट्ट झालेले. इथे जपानी मानकाचे टोक लावलेला इम्पॅक्ट ड्रायव्हर लागतो, डोक्यावर हातोडी मारली की काही अंश फिरणारा. हातोडीचा घाव टोकाला खाचेत दाबून धरतो आणि त्याच क्षणी वळणही देतो. पाच मिनिटांचे काम होते. हे अवजार नसेल तर त्याच स्क्रूवर अख्खी दुपार जाते आणि शेवटी ड्रिल मारावे लागते.

त्या फिल्टरच्या मागे चार खाचांचा नट असतो. त्यासाठी चार दातांची खास गोटी येते. ती नसली की लोक छिन्नी लावून हातोडीने नट फिरवतात. नट सुटतो हे खरे, पण प्रत्येक घाव क्रँकच्या टोकावर आणि त्याच्या बेअरिंगवर बसतो. मॅग्नेटच्या बाबतीत तर आणखी वाईट: पुलर न वापरता कडेला हातोडी मारून काढलेल्या मॅग्नेटमधले चुंबक निखळू शकतात आणि क्रँक वाकू शकतो. पुलर प्रत्येक गाडीला वेगळ्या आट्यांचा असतो, त्यामुळे तो विकत घेताना गाडीचे मॉडेल सांगूनच घ्यावा. पुलर, चार दातांची गोटी, मॅग्नेट आणि क्लच धरून ठेवायची पकड, व्हॉल्व्हच्या स्प्रिंगा दाबायचा सी आकाराचा प्रेस: या चार खास वस्तू. यांना पर्याय शोधण्यात शहाणपण नाही.

एक फुकटचे अवजारही याच टप्प्यावर तयार ठेवावे. जुन्या खोक्याचा पुठ्ठा घेऊन त्यावर साइड कव्हरचा आकार पेन्सिलीने काढायचा आणि जिथे जिथे बोल्ट आहे तिथे भोक पाडून, निघालेला बोल्ट त्याच जागी खोचायचा. कव्हरचे बोल्ट एकाच जाडीचे पण वेगवेगळ्या लांबीचे असतात. लांब बोल्ट आखूड भोकात गेला तर तळाला टेकून केस फोडतो. आखूड बोल्ट लांब भोकात गेला तर दोन-तीन आट्यांवर सगळा भार घेतो आणि ते आटे ओढून काढतो. गेलेले आटे दुरुस्त करायला हेलिकॉइल, म्हणजे तारेची स्प्रिंगसारखी आतली बाही, बसवता येते; ६ मिमीचा हेलिकॉइल संच घरात असावा, कारण जुन्या इंजिनात कुणी ना कुणी आधी आटे घालवलेलेच असतात.

इंजिन उघडे झाले, भाग रॉकेलमध्ये धुऊन पुसून टेबलावर मांडले, की खरा प्रश्न समोर येतो. काय बदलायचे आणि काय ठेवायचे?

गॅरेजमध्ये हा निर्णय पुष्कळदा डोळ्यांनी आणि अंगठ्याने होतो. पिस्टन बोअरमध्ये हलवून पाहिला, थोडा खुळखुळला, की ‘बोअर करायला लागेल’. अनुभवी मेकॅनिकचा अंगठा बरेचदा खरेही बोलतो. घरी पहिल्यांदा इंजिन बांधणाऱ्याकडे तो अंगठा नसतो, आणि व्हर्नियर कॅलिपर त्याची जागा घेऊ शकत नाही. अशा लहान चार-स्ट्रोक इंजिनात नवा पिस्टन आणि सिलिंडर यांच्यातली फट मिलिमीटरच्या काही शतांशांएवढीच असते. ती दहाव्या हिश्श्यापर्यंत गेली की काम आले म्हणायचे. साध्या व्हर्नियरवरचा सर्वांत बारीक भाग ०.०२ मिमीचा, आणि त्याच्या चोचींनी गोल भोकाचे माप घेताना हात जरा तिरका झाला की त्याहून मोठी चूक होते. जी फट मोजायची, तेवढीच मोजमापाची चूक असेल तर त्या मोजमापाला अर्थ उरत नाही. व्हर्नियर शिम, स्प्रिंगची लांबी, क्लच प्लेटची जाडी यांसाठी ठेवावा. पिस्टनला मायक्रोमीटर हवा आणि सिलिंडरला बोअर गेज.

मायक्रोमीटर घेताना एक बारीक पेच आहे. तो २५ मिलिमीटरच्या टप्प्यांत येतो: ० ते २५, २५ ते ५०, ५० ते ७५. सीडी १००चा मूळ पिस्टन ५० मिमीहून किंचित कमी भरतो, म्हणजे २५ ते ५०च्या मायक्रोमीटरच्या अगदी शेवटाला कसाबसा बसतो. पण तेच इंजिन एकदा बोअर झालेले असेल तर त्यात ०.२५, ०.५०, ०.७५ किंवा १ मिमीने मोठा पिस्टन असतो, आणि तो या मायक्रोमीटरमध्ये शिरतच नाही. पिस्टनच्या माथ्यावर हा आकडा कोरलेला असतो. आधी तो पाहावा आणि मग दुकानात जावे. यामाहा आरएक्स १००चेही तेच, तिचा बोअर आणि स्ट्रोक दोन्ही ५० मिमी. बुलेटवाल्याला ५० ते ७५ लागणार हे उघड आहे. त्याच्या जोडीला ० ते २५चा एक घेतला की व्हॉल्व्हची दांडी, पिस्टन पिन, रॉकरची पिन सगळे मोजता येते. बोअर गेज ३५ ते ६० मिमीचा घेतला तर शंभर सीसीच्या घराण्याला पुरतो.

पिस्टन कुठेही मोजून चालत नाही. तो पूर्ण गोल नसतो आणि वरपासून खालपर्यंत सारखाही नसतो. माथा ज्वाळेला तोंड देतो म्हणून तो मुद्दाम लहान ठेवलेला असतो, आणि पिनच्या दिशेला तो किंचित दाबलेला असतो, कारण तिथे धातू जास्त आणि तापून फुगणेही जास्त. म्हणून माप घ्यायचे ते खालच्या कडेपासून थोडे वर, पिनच्या आडव्या दिशेला. सिलिंडर तीन उंचींवर आणि प्रत्येक उंचीवर दोन दिशांनी, असा सहा ठिकाणी मोजायचा. वरच्या रिंगची धाव जिथे संपते तिथे आणि पिस्टनचा रेटा ज्या दिशेने पडतो त्या दिशेने झीज सर्वांत जास्त निघते. सहा आकडे वहीत लिहून बघितले की सिलिंडर वर-खाली किती निमुळता आणि आडवा किती लंबगोल झाला आहे ते स्पष्ट दिसते. मॅन्युअलमधल्या मर्यादेशी ते ताडून पाहायचे. एवढ्या कामाला अर्धा तास लागतो आणि नको असलेले बोअरिंग वाचते, किंवा हवे असलेले टळत नाही.

यात तापमानाचा हिशेब धरावा लागतो. मापांचे जागतिक प्रमाण २० अंश सेल्सियसला धरलेले आहे. नागपुरात मेच्या दुपारी पत्र्याच्या शेडमध्ये ४५ अंश असताना ५० मिमीचा ॲल्युमिनियमचा पिस्टन सुमारे ०.०२५ मिमीने फुगलेला असतो; त्याच वेळी पोलादी मायक्रोमीटरही फुगतो, पण जेमतेम ०.०१४ मिमीने. म्हणजे पिस्टन खऱ्याहून जवळपास एक शतांश मोठा दिसतो. काही शतांशांच्या फटीत एक शतांश पुष्कळ झाला. उपाय सोपा आहे: मोजायचे भाग आणि मायक्रोमीटर रात्रभर एकाच खोलीत शेजारी ठेवावेत आणि सकाळच्या गारव्यात माप घ्यावे. मायक्रोमीटर हातात फार वेळ धरूनही ठेवू नये.

आणि स्वस्तातला मायक्रोमीटर खरे बोलतो की नाही हे कसे ओळखायचे? प्रमाणित गेज ब्लॉक महाग असतात. पण प्रत्येक बेअरिंगच्या दुकानात तसाच अचूक पोलादी ठोकळा मिळतो. ६३०४ नंबरचे नवे, नामांकित कंपनीचे बेअरिंग घ्या. त्याचा बाहेरचा व्यास ५२ मिमी; सामान्य दर्जाच्या बेअरिंगलाही तो वरच्या बाजूला मुळीच चुकायची मुभा नाही आणि खालच्या बाजूला फक्त ०.०१३ मिमीची. ५० ते ७५चा मायक्रोमीटर त्यावर लावून बघितला की त्याची लायकी तिथेच कळते. शिवाय ते बेअरिंग वाया जात नाही, मोटरसायकलींत ते सर्रास लागते.

बोअर गेज स्वतःहून माप सांगत नाही, तो फक्त तुलना करतो. मायक्रोमीटर व्हाइसमध्ये हलकेच धरून ठरलेल्या मापावर बंद करायचा, त्याच्या जबड्यात गेज ठेवून डायल शून्यावर आणायची, मग तोच गेज सिलिंडरमध्ये सोडायचा. डायल जितकी सरकली तितका फरक. तुलनेच्या याच तत्त्वावर न्यूझीलंडच्या दक्षिण टोकाच्या इन्व्हरकार्गिल गावात बर्ट मन्रो यांनी आयुष्यभर काम केले. १९२० सालची इंडियन स्काउट, मूळची ६०० सीसीची आणि ताशी जेमतेम ९० किलोमीटर धावणारी, त्यांनी आपल्या शेडमध्ये पुन्हा पुन्हा बांधली. जुन्या डब्यांचे साचे करून पिस्टन ओतले, ट्रॅक्टरच्या ॲक्सलच्या पोलादातून कनेक्टिंग रॉड कोरून काढले, आणि मोजायला मायक्रोमीटरऐवजी चाकाचा जुना आरा वापरला असे सांगतात. १९६७ साली, वयाच्या ६८व्या वर्षी, अमेरिकेतल्या बॉनव्हिलच्या मिठाच्या मैदानावर त्यांनी या गाडीवर १००० सीसीखालच्या वर्गात ताशी सुमारे २९५ किलोमीटरचा विक्रम केला. त्यांच्या अवजारांची गरिबी आठवून अनेकांना धीर येतो. तो यावाच. पण मन्रोंच्या शेडमध्ये फुटलेल्या पिस्टन आणि वाकलेल्या रॉड यांचीही एक फळी होती, तिच्यावर त्यांनी ‘वेगाच्या देवाला वाहिलेले’ असे लिहून ठेवले होते. पिस्टन स्वतः ओतणाऱ्याला तो खर्च परवडतो. बाजारातून पिस्टन किट आणणाऱ्याला मायक्रोमीटरच स्वस्त पडतो.

घरी इंजिन घडवण्याची दुसरी टोकाची तऱ्हा इंग्लंडमधल्या बर्कशायरच्या ॲलन मिलयार्ड यांची. दोन इंजिनांचे केस हॅक्सॉने कापून, जोडून ते नवीच बहुसिलिंडर इंजिने तयार करतात. प्रॅट अँड व्हिटनीच्या विमानाच्या इंजिनातले दोन सिलिंडर घेऊन त्यांनी पाच लिटरची व्ही-ट्विन मोटरसायकल घरच्या कार्यशाळेत उभी केली. हॅक्सॉ बघून हे काम सोपे वाटते. प्रत्यक्षात कापलेले तोंड सपाट घासणे आणि जोडलेल्या केसमधली सगळी बेअरिंगे एका रेषेत आणणे यांतच सगळे कौशल्य असते, आणि तिथे कानस, लेथ आणि गेज लागतात. अशी हौस असलेल्याला लेथ हवाच. हरिहरला १९४१ साली सुरू झालेल्या मैसूर किर्लोस्करचे जुने लेथ अजूनही हातबदलीत मिळतात, मात्र असले धूड घराच्या फरशीवर बसवण्याजोगे नसते. साधे इंजिन बांधणाऱ्याने लेथच्या मागे लागू नये, गावातल्या चांगल्या लेथवाल्याशी ओळख वाढवावी.

त्याच्याकडे दोन कामे द्यायचीच. एक बोअरिंग आणि होनिंग, दुसरे क्रँक. या इंजिनांचे क्रँक दोन चकत्या दाबून जोडलेले असतात. कनेक्टिंग रॉडचे बेअरिंग बदलायला ते हायड्रॉलिक प्रेसमध्ये उघडून, पुन्हा दाबून, डायल लावून सरळ करावे लागतात. बोअरिंगला देताना आधी पिस्टन विकत घ्यावा आणि तोच पिस्टन सिलिंडरसोबत द्यावा, म्हणजे बोअर त्या पिस्टनच्या मापाने होतो. काम परत आले की घरचा बोअर गेज काढून पुन्हा सहा ठिकाणी मोजावे. भिंतीवर होनिंगच्या तिरप्या, एकमेकींना छेदणाऱ्या रेघा दिसायला हव्यात. मग सिलिंडर साबणाच्या गरम पाण्याने ब्रशने घासून धुवावा. नुसत्या रॉकेलने होनिंगची धूळ रेघांतून निघत नाही. तेलाचे बोट लावलेले पांढरे फडके आतून फिरवल्यावर करडे होत असेल तर अजून धुवायचे.

घरी होण्यासारखी कामेही पुष्कळ आहेत. रिंग सिलिंडरमध्ये सरळ बसवून तिच्या दोन टोकांमधली फट फीलर गेजने पाहणे, व्हॉल्व्ह पेस्ट लावून घासणे. व्हॉल्व्ह नीट बसला की नाही हे बघायला साधी पेन्सिल पुरते: सीटवर आडव्या रेघा ओढायच्या, व्हॉल्व्ह ठेवून थोडा फिरवायचा, आणि सगळ्या रेघा पुसल्या गेल्या का ते पाहायचे. एखादी रेघ शिल्लक राहिली तर तिथे व्हॉल्व्ह टेकत नाही.

बेअरिंग बसवताना हातोडीपेक्षा उष्णता कामाची. केसमधले ५२ मिमीचे भोक खोलीच्या तापमानापासून ८० अंशांनी तापवले की साधारण ०.१ मिमी मोठे होते, आणि फ्रीजरमध्ये ठेवलेले बेअरिंग आणखी पाव-दशांशाने आकसलेले असते. दोघांतली शतांशांची घट्ट पकड तेवढ्या वेळापुरती नाहीशी होते. बेअरिंग हाताने सोडले की खाली जाऊन बसते. हीट गन किंवा जुनी इलेक्ट्रिक शेगडी पुरे. पाण्याचा थेंब केसवर टाकला आणि चुर्र करून उडाला की तापमान जमले. रबरी सील, पॅकिंग आणि पेट्रोलचा डबा अर्थातच आधी लांब ठेवायचा.

आता कसायचे अवजार. टॉर्क पाना हा न्यूयॉर्कच्या पाणी खात्यातल्या कॉनरॅड बाहर यांनी १९१८ साली काढला. नळांच्या जोडावरचे बोल्ट कामगार गरजेपेक्षा जास्त कसत होते, ते थांबवायला. घरच्या इंजिनातही तोच रोग असतो. ॲल्युमिनियममधल्या ६ मिमीच्या बोल्टला साधारण १० न्यूटन-मीटर पुरतात. १५ सेंटिमीटर लांबीच्या पान्याच्या टोकाला तो पावणेसात किलोंचा जोर झाला, तरण्या माणसाच्या मनगटाला तो जाणवतही नाही. दुकानात बहुधा मोटारींच्या चाकांसाठीचा, ४० न्यूटन-मीटरपासून सुरू होणारा टॉर्क पाना पुढे केला जातो. तो घेऊ नये. ५ ते २५चा लहान टॉर्क पाना आधी घ्यावा, मोठा नंतर हेड आणि मॅग्नेटपुरता.

टॉर्क पाना बोल्टचा ताण थेट मोजत नाही. लावलेल्या जोरातला सुमारे दहावा हिस्साच बोल्ट ताणण्यात जातो, बाकीचा डोक्याखालच्या आणि आट्यांतल्या घर्षणात खर्च होतो. म्हणून आटे घाण असले की आकडा येतो पण बोल्ट ढिला राहतो, आणि मॅन्युअलने कोरडे सांगितलेले आटे तेलाने माखले तर त्याच आकड्याला बोल्ट जास्त ताणला जातो. आटे टॅपने हलकेच साफ करणे हे म्हणून कसण्याचेच काम समजावे. काम संपल्यावर टॉर्क पान्याची स्प्रिंग सर्वांत खालच्या आकड्यावर सोडून ठेवावी, आणि त्याने नट कधीही सोडवू नये.

आरएक्स १०० किंवा जुनी येझदी बांधणाऱ्याला एक अवजार जास्तीचे लागते. टू-स्ट्रोक इंजिनात क्रँककेसही हवाबंद असावा लागतो. क्रँकच्या सीलमधून बाहेरची हवा शिरली तर मिश्रण पातळ होते आणि पिस्टन तापून धरतो. हे तपासायला रक्तदाब मोजायच्या जुन्या यंत्राचा रबरी फुगा आणि गोल डायल उत्तम. कार्ब्युरेटरचे आणि सायलेन्सरचे तोंड जुन्या ट्यूबच्या तुकड्यांनी आणि क्लॅम्पने बंद करायचे, प्लगच्या भोकातून नळी आत न्यायची, पिस्टन खाली आणायचा आणि काटा ३०० मिमीपर्यंत चढवायचा; हा दाब दर चौरस सेंटिमीटरला सुमारे ०.४ किलो होतो. पाच-सहा मिनिटे काटा जागेवर राहिला तर इंजिन गाडीत चढवायला हरकत नाही. घसरला तर ब्रशने साबणाचे पाणी आधी मॅग्नेटमागच्या सीलवर लावायचे, मग केसच्या जोडावर, मग ब्लॉकच्या पॅकिंगवर. तिथे कुठेच बुडबुडे नसतील तर क्लचच्या बाजूचे सील पाहायचे, आणि त्यासाठी ते कव्हर पुन्हा उतरवायचे.